बोर्ड नाही म्हणतो

पिस्कॅटवे
बुधवार, १४ जानेवारी २०२६

शंतनू,

व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन लागत नाही, म्हणून हा मेल. पाच वर्षांनी. पत्ता जुनाच आहे, परत आला नाही तर पोचला असं समजेन. नंदाकाकूंसाठी लिहितेय, तेव्हा निदान खालपर्यंत वाच.

काकूंचा हीट पंप शनिवारी बंद पडला. आपण दोघांनी बसवायला लावलेला. त्याच्या आधीची तळघरातली गॅसची फर्नेस काढायला कुमारकाका तयार नव्हते, आठवतंय? एकतीस वर्षं चालली होती ती, आणि एवढ्या वर्षांत काकांनी तिचा पट्टा दोनदा बदलला होता, तोही स्वतःच्या हातानं. तू त्यांना म्हणालास, "काका, हे मशीन थंडीत गरम करतं, उन्हाळ्यात गार करतं, गॅस जाळत नाही, आणि आमच्या कंपनीचं आहे. काही झालं तर आम्ही आहोत ना." मी शेजारी बसून मान डोलावत होते. ऑक्टोबर २०१६. म्हणजे नऊ वर्षं आणि तीन महिने.

गेली आहे ती फक्त बाहेरच्या युनिटच्या पंख्याची मोटर. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, पाइप कुठे गळत नाहीत. टेक्निशियन सोमवारी आला, व्हॅनमधून त्याच मापाची दुसऱ्या मेकची मोटर काढली आणि अर्ध्या तासात बसवली. पंखा चार सेकंद फिरला आणि थांबला. थर्मोस्टॅटवर कोड आला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मोटर इज फाइन. बोर्ड सेज नो."

काकूंना मला समजावून सांगावं लागलं. मशीनच्या आतला सर्किट बोर्ड नव्या मोटरला तिचा नंबर विचारतो. नंबर यादीत नसेल तर मशीन बंद ठेवतो. यादीत नंबर चढवायचा तर डीलरला कंपनीच्या सर्व्हरवर जावं लागतं, आणि या सिरीजचा सर्व्हर कंपनीनं गेल्या सप्टेंबरमध्ये बंद केला.

"म्हणजे मोटर चांगली, मशीन चांगलं, आणि तरी बंद?" काकूंनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"असं कोणी केलं?"

मी म्हटलं, कंपनीनं.

डीलर म्हणतो सगळंच नवीन घ्या. मशीनमध्ये भरायचा गार-गरम करणारा गॅस आता बदललाय, त्यामुळे बाहेरचं नवीन आणि आतलं जुनं जुळत नाही, भिंतीच्या आतलंही उपसावं लागेल. तीन आठवड्यांनी नंबर लागेल. बाहेर अठरा डिग्री आहे, म्हणजे तुझ्याकडच्या मापानं उणे आठ. बॅकअपच्या विजेच्या कॉइलवर घर चोपन्नच्या वर जात नाही. काकू शहात्तर वर्षांच्या आहेत, दोन स्वेटरवर शाल घेऊन स्वयंपाकघरात बसतात. माझ्याकडे चला म्हटलं तर म्हणतात, तळघरात दोन पोरी भाड्यानं राहतात, परीक्षा आहेत त्यांच्या, त्यांना गारठ्यात टाकून मी कुठे येऊ? आपणही त्याच तळघरात भाड्यानं राहायचो.

आता मुद्दा. २०२०च्या डिसेंबरच्या अपडेटमध्ये तू एक मागचा दरवाजा ठेवला होतास. बोर्डावरची बटणं ठरावीक क्रमानं दाबली की तो कुठलीही मोटर स्वीकारतो. तो दरवाजा एप्रिलच्या अपडेटमध्ये बंद केला गेला. पण काका गेल्यावर काकूंनी इंटरनेटची कंपनी बदलली आणि मशीन वाय-फायवरून तुटलं ते तुटलंच. काल मी तपासलं. डिसेंबरचंच व्हर्जन आहे. दरवाजा अजून आत आहे. क्रम फक्त तुला माहीत आहे.

एका ओळीचं काम आहे. तुझा माझ्यावरचा राग मला समजतो. त्या मीटिंगमध्ये तू एकटा बोललास आणि मी गप्प बसले. त्याबद्दल मी कधीही माफी मागायला तयार आहे. पण आधी क्रम पाठव.

आश्लेषा


प्रिन्स्टन जंक्शन, पार्किंग
गुरुवार, १५ जानेवारी

शंतनू,

मेल परत आलेला नाही. म्हणजे तू वाचलायस. नाशिकला आता रात्र झाली असेल, उद्या सकाळी तरी लिही.

मी आज रीमाकडे गेले. जुन्या कोडची फाइल अर्काइव्हमध्ये आहे, पण ती उघडायला तिची परवानगी लागते. रीमा आता आपल्या वेळेसारखी एका टीमची बॉस नाही, सगळा होम हीटिंग विभाग तिच्याकडे आहे. मराठी समजतं तिला, आई डोंबिवलीची, पण उत्तर नेहमी निम्मं इंग्रजीत. मी सगळं मराठीतून सांगितलं, मुद्दाम. तिनं नीट ऐकून घेतलं.

"आय फील टेरिबल," ती म्हणाली. "बट दॅट सिरीज इज डन, आश्लेषा. काकूंना माझा डिस्काउंट दे नव्या मशीनवर. मी सही करते."

"तीन आठवडे त्यांनी काय करायचं?"

"हॉटेल?"

मग तिनं त्या घराची गोष्ट पुन्हा काढली. कोणीतरी चुकीची मोटर बसवली, बोर्ड जळाला, भिंत काळी झाली, वकिलाचं पत्र आलं. त्यानंतरच हा नंबरचा प्रकार सुरू झाला, हे तुलाही ठाऊक आहे. रीमा वाईट बाई नाही. तिला खरंच वाटतं की ती लोकांना आगीपासून वाचवतेय.

तिच्या केबिनमधून बाहेर येताना तुझं वाक्य डोक्यात होतं. "तपासायचं तर करंट तपासा, टेंपरेचर तपासा, मोटर तापली तर बंद करा. नंबर कशाला? नंबर काय जळतो का?" सगळे हसले होते, रीमासुद्धा. मग तिनं टेबलाभोवती बघून विचारलं होतं, एनीबडी एल्स? मी पाण्याची बाटली उघडत बसले होते.

गाडी सुरू करून बसलेय. घरी जावं की काकूंकडे, ठरत नाही. दिवसातून तीनदा जातेय. जाऊन काय करते? थर्मोस्टॅट बघते. चोपन्न. घरी येते.

लिही ना.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
शनिवार, १७ जानेवारी, सकाळी

शंतनू,

तुझं उत्तर आलं तेव्हा मी किराणा दुकानात रांगेत होते, काकूंसाठी साबुदाणा घेत. एकच ओळ. "रीमाला कोणी सांगितलं होतं?"

वरती माझं नावही नाही. ठीक आहे.

कोणी सांगितलं नव्हतं. ऑडिट होतं. रिलीजनंतर कोड तपासणारं टूल लावलं होतं, त्यात तुझा भाग सापडला. रीमानं सगळ्या टीमला तेच सांगितलं होतं, तुलाही सांगितलं असेल. इतक्या वर्षांनी त्यात काय शोधायचंय?

काकूंना कालपासून खोकला आहे. क्रम पाठव.

आश्लेषा


पिस्कॅटवे, काकूंचं स्वयंपाकघर
रविवार, १८ जानेवारी

शंतनू,

कालचा मेल खोटा आहे. ते पुढे सांगते. आधी काकूंचं.

काल दुपारी त्यांनी गॅरेजमधून दोन जुने हीटर काढले आणि एकाच एक्स्टेन्शनला लावले. वायर वितळली. वास आला म्हणून त्या ओढायला गेल्या आणि प्लॅस्टिक तळहाताला चिकटलं. खालच्या पोरीनं मला फोन केला. मी पोचले तेव्हा काकू नळाखाली हात धरून उभ्या होत्या, आणि नळाचं पाणी इतकं गार की दुसरा हात निळा पडलेला. अर्जंट केअरमध्ये पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाली, दहा दिवस हा हात वापरायचा नाही. परत येताना गाडीत काकू म्हणाल्या, "तुझ्या काकांनी त्या हीटरांवर लिहून ठेवलं होतं, दोन एकत्र लावू नये. चष्मा नव्हता गं लावला."

आता त्या आत झोपल्या आहेत. मी ओव्हन चालू ठेवून समोर बसलेय, हेही करू नये असं आपणच मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं.

रीमाला मी सांगितलं.

काकांच्या तेराव्याला तू मला दरवाज्याबद्दल सांगितलंस, याच टेबलाशी. कोविडमुळे घरात आपण चौघंच होतो, काकू आणि तुझी इला बाहेर पानं मांडत होत्या. तू म्हणालास, कोणाचं मशीन अडलं तर मी आहे, आणि मी नसलो तर तू आहेस. मला त्यात मानाचं काही वाटायला हवं होतं. मी घाबरले. त्या कोडवर तपासणारी म्हणून माझी सही होती. मी तो नीट न वाचता सही केली होती.

तीन आठवड्यांनी रीमानं मला एका दुसऱ्याच कामासाठी फोन केला. शेवटी सहज विचारलं, त्या अपडेटमध्ये मला माहीत असायला हवं असं काही आहे का? ती सगळ्यांना विचारत होती. नाही म्हटलं असतं तर फोन संपला असता. पण त्याच सकाळी वकिलाचा मेल आला होता, ग्रीन कार्डच्या अर्जाला कंपनीचं पत्र लागेल म्हणून. नऊ वर्षं थांबले होते. मी म्हटलं, हो, एक गोष्ट आहे. सगळं सांगायला मिनिटसुद्धा लागलं नाही. ती म्हणाली, "थँक यू. युअर नेम स्टेज आउट ऑफ इट." आणि तिनं शब्द पाळला. ऑडिटची गोष्ट तिनं माझ्यासाठी रचली.

तुला काढलं, तुझा व्हिसा गेला, साठ दिवसांत देश सोडायचा होता, इलाला सातवा महिना होता. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी तुम्हाला सोडायला एअरपोर्टवर आले नाही, कोविडचं कारण सांगितलं. मला कोविड झालेला नव्हता.

आणखी एक. एप्रिलच्या अपडेटमध्ये तो दरवाजा काढायचं काम रीमानं मला दिलं. मीच पुसला, आतला क्रम न वाचता. लाखभर घरांमध्ये. पहिल्या मेलमध्ये "बंद केला गेला" असं लिहिलं ते मुद्दाम.

ग्रीन कार्ड २०२२ला आलं. तेव्हापासून घाबरायचं कारण उरलेलं नाही, तरी चार वर्षं मी तशीच वागतेय.

हे वाचून तू क्रम पाठवणार नाहीस, असं सारखं वाटतंय. म्हणूनच काल खोटं लिहिलं. पण काकूंचा हात बघितल्यावर पुन्हा खोटं लिहिता येईना. मला पाठवू नकोस हवं तर. काकूंना फोन कर. त्यांचा नंबर तोच आहे.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
मंगळवार, २० जानेवारी

शंतनू,

काल तू फोनवर होतास, पण तुला दिसलं नाही ते लिहिते.

काकूंनी फोन स्पीकरवर ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता आणि खिडकी वर उचलली होती. मी बाहेर बर्फात गुडघ्यावर, युनिटचं पॅनल उघडून. तू पहिलंच वाक्य बोललास ते, "काकू, तिला म्हणावं आधी ब्रेकर पाड आणि पाच मिनिटं थांब. आत करंट साठलेला असतो." मला ऐकू येत होतं. तरी काकूंनी खिडकीतून डोकं काढून मला सगळं पुन्हा सांगितलं, करंटला "करंट" म्हणण्याऐवजी "शॉक" म्हणाल्या एवढाच फरक.

ती पाच मिनिटं. मी घड्याळ बघत होते आणि काकू तुझ्याशी बोलत होत्या. मुलगी केवढी झाली? साडेचार. नाव काय ठेवलं, मी विसरले बघ. तू म्हणालास, आन्या. मला तुझ्या मुलीचं नाव माहीत नव्हतं. हातमोज्यात स्क्रू होते ते खाली पडले आणि मी बर्फात शोधत बसले, म्हणून तू "झालं का?" विचारल्यावर मी काही बोलले नाही. काकूंना वाटलं पाच मिनिटं झाली.

"नाही झाली," तू म्हणालास. "तिला म्हणावं अजून एक मिनिट आहे."

तू तिकडे मोजत होतास.

मग टेस्टचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून ब्रेकर वर करायचा. एका माणसाचे हात पोचत नाहीत. ब्रेकर घरात. खालची पोर धावत गेली, काकू तिला खिडकीतून ओरडून सांगत होत्या, "आता! आता कर!" हिरवा दिवा तीनदा लुकलुकला. बटण सोडलं, दोनदा दाबलं. पंखा फिरला. मी मोजत होते. चार सेकंद. पाच. सहा. पंधरापर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं.

काकू म्हणाल्या, "अरे, तिच्याशी बोल ना दोन शब्द."

"नको, काकू. ठेवतो."

इतकंच झालं. संध्याकाळपर्यंत घर अडुसष्टवर आलं. काकूंनी शाल काढून खुर्चीवर टाकली. तुला थँक्स म्हणायची मला लाज वाटते, तरी म्हणते.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
रविवार, १ फेब्रुवारी

शंतनू,

मी उत्तर मागण्यासाठी लिहीत नाहीये. पण दोन गोष्टी तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नयेत.

पहिली. त्या सोमवारीच, मशीन सुरू झाल्यावर, काकूंनी विचारलं, तो तुझ्याशी का बोलत नाही? मी सांगितलं. सगळं. मग त्या म्हणाल्या, "तो जाताना मला भेटायला आला होता. दारातूनच बोलला, मास्क लावून. म्हणाला, काकू, हे फक्त आश्लेषाला माहीत होतं. मी त्याला रागावले. म्हटलं, ती माझ्या घरात दोन वर्षं राहिलेली मुलगी आहे, तिच्यावर असा संशय घेऊ नकोस. शंतनू मला सॉरी म्हणाला. मला सॉरी म्हणून गेला तो."

मी उघडी राहिलेली खिडकी लावून घेतली.

"तुझ्यासाठी मी त्याला खोटं ठरवलं," त्या म्हणाल्या. आणि मग, "तू आता जा. हाताची पट्टी पोरी बदलतील."

तेरा दिवस झाले. फोन उचलत नाहीत. मी पायरीवर डबा ठेवून येते, दुसऱ्या दिवशी तो धुऊन तिथेच ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट. बुधवारी नव्या सिरीजचा रिव्ह्यू होता. या वेळी फक्त मोटर नाही, सेन्सर, व्हॉल्व्ह, फिल्टरचं झाकणसुद्धा, सगळ्यांना नंबर. आणि स्लाइडवर एका ओळीत लिहिलेलं, सपोर्ट आठ वर्षं. मी विचारलं, नवव्या वर्षी काय? एक नवीन मुलगा म्हणाला, कस्टमर अपग्रेड करेल. मी म्हटलं, मशीन पंधरा वर्षं चालायला बनवलंय, मग आठव्या वर्षी त्याला आपण का मारतोय?

"वी आर नॉट किलिंग एनीथिंग," रीमा म्हणाली. "लेट्स टेक धिस ऑफलाइन."

मी म्हटलं, नंतर एकांतात नाही, इथेच. आणि तुझंच वाक्य बोलले, करंट तपासा, टेंपरेचर तपासा, नंबर कशाला. तुझं नाव घेऊन बोलले. बोलणं पुढेमागे होत होतं, तुझ्यासारखं एकही वाक्य नीट आलं नाही. कोणी हसलं नाही, कोणी साथही दिली नाही. रीमानं विचारलं, एनीबडी एल्स? समोरची मुलगी लॅपटॉपमध्ये बघत होती. चांगली मुलगी आहे. हैदराबादची, व्हिसावर. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

नंतर केबिनमध्ये रीमा पहिल्यांदाच पूर्ण मराठीत बोलली. "तेव्हा तू मला सांगितलंस, म्हणून मी तुझं नाव वाचवलं. आता काय झालं?"

मी म्हटलं, वाचवायला नको होतं.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
रविवार, ८ मार्च

शंतनू,

मला काढलंय. १३ फेब्रुवारीला. कारण लिहिलंय, टीममध्ये बदल. मला देश सोडावा लागत नाही, घर आहे, पुढच्या महिन्यात कुठेतरी मुलाखती सुरू होतील. तुझ्याशी जे झालं त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही, ते मला माहीत आहे. तरी सकाळी सातला उठून तयार होते आणि मग जायला कुठेच नसतं. चालत स्टेशनपर्यंत जाते, लोकांना न्यूयॉर्कच्या गाडीत चढताना बघते, परत येते.

सोबत एक कागद जोडलाय. नोटरीसमोर सही केलेला. २०२० मध्ये तू काय म्हणालास, दरवाजा कशासाठी ठेवलास, रीमाला कोणी सांगितलं, कोणी पुसला, सगळं आहे. तुझ्या टर्मिनेशनच्या पत्रात "कंपनीच्या सुरक्षेला धोका" असं लिहिलं होतं ना, त्यामुळे तुला तिकडेही दोन ठिकाणी नोकरी नाकारली असं काकूंकडून कळलं. हा कागद तुझा आहे. हवा तिथे दाखव, नको तर फाडून टाक.

हो, काकूंनी दार उघडलं. गेल्या आठवड्यात. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मंडळातल्या एका जोडप्याचं मशीन बंद पडलंय, तेच मॉडेल, तर तू जाऊन ये, एवढंच म्हणाल्या.

मी गेले. एडिसनला. प्रताप आणि प्रीता, तिशीतले, नागपूरचे. प्रताप तासभर बाहेर बसून तोच क्रम दाबत होता, काकूंनी त्याला फोनवर सांगितलेला. बटण धर, ब्रेकर वर, तीनदा दिवा. त्याच्याकडे दिवा लुकलुकतच नव्हता. बोटं लाल झाली होती त्याची. त्याला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय.

मी म्हटलं, "तुमचं चुकत नाही. तुमच्या मशीनला अपडेट मिळालंय. हा क्रम आता त्यात नाही. तो मी काढून टाकला."

प्रीतानं विचारलं, "तुम्ही? का?"

दिवाणखान्यात कोट घालून बसलो होतो तिघं. मी त्यांना सांगितलं का ते. अनोळखी माणसांना सांगताना ते तुला लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. प्रताप उठून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. प्रीता म्हणाली, "मग आता काय?"

आता हे. मशीन दुरुस्त करायचा हक्क मालकाला हवा, अशा कायद्याचा मसुदा इथल्या विधानसभेच्या एका समितीपुढे आलाय. सोळा मार्चला, सोमवारी, ट्रेंटनला सुनावणी आहे. कोणालाही नाव देऊन तीन मिनिटं बोलता येतं. मी नाव दिलंय. प्रीतानंही दिलं, तिथेच, माझ्यासमोर फोनवरून. कंपनीकडून रीमा येणार आहे, आगीची गोष्ट घेऊन. ती चांगलं बोलते. मला तीन मिनिटं पुरणार नाहीत किंवा एका मिनिटात संपेल, अजून अंदाज येत नाही. रोज वेगळं लिहिते आणि खोडते. कधी वाटतं तुझ्यापासून सुरुवात करावी, कधी काकूंच्या हातापासून. तांत्रिक भाग सोपा आहे. मधेच कोणी विचारलं की तुम्हाला हे सगळं कसं माहीत, तर तिथे मी अडते.

तुझं नाव घेऊ का? नको म्हणालास तर घेणार नाही.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहून खोडलं. अपेक्षा आहे.

आश्लेषा


वेस्ट विंडसर
मंगळवार, १० मार्च

शंतनू,

तुझा मेल मिळाला. "नाव घे. लिंक पाठव, इला पण बघणार आहे."

लिंक खाली आहे. सुनावणी इथल्या सकाळी दहाला सुरू होते, तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. आधी दुसरे विषय आहेत, उशीर होईल. काकू माझ्याबरोबर येतायत, पुढच्या रांगेत बसायचं म्हणतात.

माझा नंबर सहावा आहे.

आश्लेषा